विलंबाचं कारण

खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद फिरवून काचेखालून पुढे सरकवला आणि एका ओळीवर पेनाचं टोक टेकवलं. धाकटीला इकडची भाषा अजून कामापुरतीच येत होती, पण तारीख कळायला भाषा लागत नाही. सहा ऑक्टोबर, आणि साल धाकटीच्या कुटुंबाने हा देश गाठला तेच, तीन वर्षांपूर्वीचं.

"चूक झालीये त्यांची," ती लेकीला म्हणाली. "आपण मार्चमध्ये आलो. सांग त्यांना."

लेकीने सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि पेन परत त्याच ओळीवर आणून ठेवलं. आईवडिलांची नोंद मार्चची होती, मुलीची ऑक्टोबरची. विद्यापीठाच्या फी-कचेरीचा नियम सरळ होता. एक सप्टेंबरला देशात नोंद होऊन तीन वर्षं पुरी झाली असतील तर विद्यार्थी घरचा, एक दिवस जरी कमी पडला तरी बाहेरचा. आणि एकदा बाहेरचा ठरला की शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. घरच्याची फी धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने पोटाला चिमटा काढून बाजूला ठेवली होती. बाहेरच्याची तिच्या पाचपट होती, तीही पाच वर्षं.

पाच आठवडे कमी पडत होते. पशुवैद्यक शाखेत जागा चाळीस, त्यातली एक ह्या पोरीने परक्या भाषेत परीक्षा देऊन मिळवलेली, आणि ती पाच आठवड्यांवर अडली होती. एकतीस जुलैपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्या नंबराला जाईल, असं बाईंनी सांगितलं आणि पेनाला टोपण लावलं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, तरी सासरच्यांनी तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. थोरले म्हणजे तिचे मोठे दीर. ते बारा वर्षांपूर्वी इकडे आले, घर केलं, आणि तेव्हापासून फोनवरून सगळ्या नातेवाइकांना शहाणपण वाटत बसले. धाकट्या भावाला त्यांनीच बोलावून घेतलं. विमानतळावरून घरी आल्या आल्या त्यांनी हात पुढे केला आणि तिघांचे पासपोर्ट घेऊन आपल्या कपाटात ठेवले. "कागदांचं मी बघतो," म्हणाले. त्या घराण्यात कागद थोरल्यानेच बघायचे अशी रीत होती. धाकट्याच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनीच छापून आणली होती. तिच्यात नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हा पासपोर्ट दिले. पंधरा दिवसांनी थोरले म्हणाले, "झालं सगळं," आणि धाकटी म्हणाली, "सुटलो बाई."

पोरीच्या शाळेचं काय, असं तिने विचारलं तेव्हा थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. इकडे शाळेत जागा मिळणं सोपं नाही, भली मोठी यादी असते, पोरीचं नाव यादीत घातलंय, तोवर घरी बसून भाषा शिकेल. घरी दोन वर्षांचे जुळे होते. थोरली जाऊ चष्म्याच्या दुकानात दिवसभर कामाला जायची. मग पोर भाषा जुळ्यांकडूनच शिकली. पंधरावं लागलेली ती पोर मार्च ते ऑक्टोबर त्यांना भरवत होती, धूत होती, ढकलगाडीत घालून बागेत नेत होती. धाकटी संध्याकाळी कपडे दुरुस्तीच्या दुकानातून घरी यायची तेव्हा लेक जिन्यात बसून चार इवल्या बुटांचा चिखल खरवडत असायची. ऑक्टोबरात जुळ्यांना पाळणाघरात जागा मिळाली, आणि काय योगायोग बघा, त्याच आठवड्यात शाळेच्या यादीत पोरीचा नंबरही लागला.

फी-कचेरीतून ती लेकीला घेऊन तडक नगरपालिकेच्या नोंदणी कचेरीत गेली. तिथे एक दाढीवाला तरुण कारकून होता. यादीचं ऐकून त्याने लेकीला दोनदा विचारलं, म्हणजे नेमकी कसली यादी?

"अशी यादी नसतेच म्हणे," लेक म्हणाली. "मुलाची इथे नोंद झाली की आठ दिवसांत शाळेचं पत्र घरी येतं. कायदाच आहे. नाही पाठवलं तर दंड."

नोंद झाली असती तर पत्र आलं असतं. पत्र आलं असतं तर पोर शाळेत गेली असती. आणि पोर शाळेत गेली असती तर जुळ्यांना सांभाळायला पगारी बाई ठेवावी लागली असती. धाकटी तिथल्या बाकावर बसली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

उपाय होता. मुलगी ज्यांच्या घरात राहत होती त्या घरमालकाने ठरलेल्या अर्जावर लिहून द्यायचं, की ती अमुक तारखेपासून माझ्याकडे होती आणि नोंद करायची राहिली. मग नोंद मागच्या तारखेला नेता येत होती. घरमालकाला दंड होतो, म्हणून सहसा कोणी लिहून देत नाही, असंही कारकुनाने सांगितलं. त्याने कोरा अर्ज आणि जुन्या नोंदीचा शिक्का मारलेला उतारा दिला. धाकटीने दोन्हींची व्यवस्थित घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

त्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन थोरल्यांकडे गेली. थोरल्यांनी घरसामान हलवणाऱ्या कंपनीतली नोकरी कधीच सोडली होती. आता दारावर पाटी होती: 'युरोपात शिक्षण – कुटुंबांसाठी मार्गदर्शन'. नव्याने आलेल्या लोकांना कोणती शाळा, किती फी, कुठला अर्ज, हे ते पैसे घेऊन सांगत. नगरपालिका अशा सल्लागारांची एक अधिकृत यादी काढणार होती आणि ऑगस्टमध्ये त्यात थोरल्यांचं नाव यायचं होतं. ह्या यादीत त्यांचा नंबर खरोखरच होता.

त्यांनी काही नाकारलं नाही, हे मात्र खरं. अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि पाय पसरले.

"हे बघ, दंडाचं काही नाही," ते म्हणाले. "तो मी खिशातून काढून देईन. पण माझ्या नावावर असला डाग लागला तर यादीतून नाव जाईल माझं. चार वर्षांची मेहनत आहे."

"पोरीचीही तीन वर्षांची आहे, भाऊजी."

"अगं, मग एक वर्ष थांबू दे की तिला. पुढच्या वर्षी परत अर्ज करेल. तीन वर्षं आपोआप भरतील. वय काय पळून चाललंय तिचं?"

"जागा परत मिळेलच असं कुठंय?"

"हुशार आहे. मिळेल."

थोरली जाऊ हात पुसत बाहेर आली. ती मनाने दुष्ट नव्हती, फक्त दुसऱ्याचं नुकसान तिला कधी दिसत नसे. "वर्षभर मोकळीच असेल तर बरंच आहे की," ती म्हणाली. "जुळ्यांची शाळा दोनला सुटते, मला काही आणायला जमत नाही. ही आणेल त्यांना. चार पैसेही देऊ तिला, तसंच नको."

धाकटीचा नवरा शीतगृहात माल चढवण्याचं काम करायचा. तिथे तो दिवसभर थंडीत काढायचा, पण त्याचा आवाज गोठायचा तो भावासमोर. आत्ताही तो गालिच्याची नक्षी बघत बसला होता. धाकटीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग जावेकडे.

"बघते विचार करून, ताई," ती म्हणाली.

विचार तिचा तिथेच करून झाला होता. ह्या माणसाकडून नुसती सही घ्यायची नाही. चारचौघांत घ्यायची, आणि अशी घ्यायची की पुन्हा कोणाच्या पासपोर्टसाठी हात पुढे करताना तो हात लटपटला पाहिजे.

निघताना थोरल्यांनी तिच्या हातात पत्रकांचा गठ्ठा ठेवला. दोन आठवड्यांनी रविवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं पैसे भरून ऐकायचं व्याख्यान होतं. "तुमच्या दुकानात नवीन लोक येतात. गल्ल्याजवळ ठेव," ते म्हणाले. एवढं सगळं बोलून झाल्यावरही त्यांना ती पत्रकं द्यायला काही वाटलं नाही, ह्याचं धाकटीला मागाहून फार नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका कोटाचं अस्तर उसवता उसवता तिने पत्रक उघडलं. आतल्या पानावर तिची लेक होती. बागेतला फोटो, मागे झाडाला नुकती पालवी. जुळ्यांना फोटोतून कापून टाकलं होतं, पण ढकलगाडीची मूठ तेवढी राहिली होती आणि तिच्यावर पोरीचे दोन्ही हात होते. शेजारी मराठीत छापलं होतं: 'माझ्या घरचाच अनुभव. माझी पुतणी मार्चमध्ये माझ्या घरी राहायला आली. पंधरा दिवसांत नोंदणी, तिसऱ्या आठवड्यात शाळा. आज ती घरच्या फीमध्ये पशुवैद्यक शिकायला निघाली आहे. वेळेवर योग्य मार्गदर्शन मिळालं की असं होतं.' खाली साल, आणि थोरल्यांची ऐटदार सही, शेपटाला दोन रेघा मारलेली.

धाकटीने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तिच्या हातातली सुई बोटात गेली. तिसऱ्यांदा वाचताना तिला हसू फुटलं. पलीकडच्या मशीनवर टीप मारणाऱ्या मालकिणीने वर बघून काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "आमच्या घरात मोठे लोक आहेत, त्यांचं नाव छापून आलंय."

पुढचे दोन आठवडे तिने दिराच्या व्याख्यानाचा असा काही प्रचार केला, की सख्ख्या भावानेही केला नसता. पँट आखूड करायला येईल त्याला पत्रक. चेन बदलायला येईल त्याला पत्रक. कपड्यांना माप लावताना ती मुलांची चौकशी करायची आणि तोंडातल्या टाचण्या काढून सांगायची, "जरूर जा हं. आणि प्रश्न विचारायला लाजू नका. पैसे भरलेत ना?" एक बसचालक गणवेशाच्या बाह्या लांब करून घ्यायला आला होता. त्याची दोन मुलं होती आणि त्याने थोरल्यांकडे आधीच सहा महिन्यांच्या सल्ल्याचे पैसे भरले होते. त्याला तिने पुढच्या रांगेतच बसा म्हणून सांगितलं. नवऱ्याला तिने ताकास तूर लागू दिली नाही. लेकीलाही नाही. मशीन चालवताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवायची, पसंत नाही पडली की उसवायची आणि परत घालायची. इतक्या वर्षांत कुठलंही काम तिने एवढ्या आनंदाने केलं नव्हतं.

वाचनालयाचं सभागृह दुपारी तीनलाच भरलं. पस्तीस-चाळीस कुटुंबं, मांडीवर पोरं, हातात वह्या. थोरले नव्या कोटात उभे होते आणि गर्दी बघून खुलले होते. बोलायला मात्र ते पटाईत. शाळा फुकट असली तरी पुस्तकं, सहली, जेवण ह्यांचा खर्च कसा अंगावर येतो, विद्यापीठात घरची फी आणि बाहेरची फी म्हणजे काय, तीन वर्षांची अट कशी मोजतात, सगळं पडद्यावर दाखवत होते. मग अर्जांवर आले.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "इथल्या अर्जात एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. आणि गुळमुळीत लिहायचं नाही. कारण विचारलं असेल तर खरं, नेमकं कारण लिहा. नाहीतर अर्ज परत येतो. मी शेकडो अर्ज पाहिलेत."

बसचालकाने ते वहीत लिहून घेतलं.

मग पडद्यावर लेकीचा फोटो आला. थोरल्यांनी मार्च, पंधरा दिवस, तिसरा आठवडा हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि पुढच्या रांगेकडे हात केला. "पोरीची आई इथेच बसलीये. आमची धाकटी सून. विचारा तिला."

थोरल्यांनी एवढं केलं नसतं तर तिला स्वतःहून उठावं लागलं असतं. ती उभी राहिली.

"मलाच एक विचारायचंय, भाऊजी," ती म्हणाली. आवाज थोडा कापत होता, पण तो मागपर्यंत गेला. "एक मुलगी मार्चमध्ये नातेवाइकाच्या घरी राहायला आली. त्या नातेवाइकाने तिची नोंद ऑक्टोबरमध्ये केली. आता तिला पाच आठवडे कमी पडतायत आणि पाचपट फी मागतायत. तिने काय करायचं?"

थोरल्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "हे वैयक्तिक प्रश्न आपण नंतर घेऊ."

"नंतर का?" बसचालक म्हणाला. "आमच्या मोठ्या मुलाचंही असंच काहीतरी आहे. सांगा की."

मागून आणखी दोघे हो हो म्हणाले. थोरले पाणी प्यायले आणि त्यांनी सांगितलं. सांगण्यात काही खोट नव्हती: घरमालकाचा अर्ज, त्याची सही, त्याला दंड, मग नोंद मागे जाते.

"आणि घरमालक सही द्यायला तयार नसेल तर?"

"असं कोण करेल?" बसचालकाची बायको म्हणाली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न."

धाकटीने पिशवीतून पत्रक काढलं आणि शिक्क्याचा उतारा काढला. उतारा तिने बसचालकाच्या बायकोच्या हातात दिला. "तुम्हाला इकडची भाषा येते ना, ताई? ह्या ओळीवरची तारीख आणि नाव वाचा मोठ्याने."

बाईने वाचलं. सहा ऑक्टोबर. मग तिने पडद्यावरच्या फोटोकडे बघितलं आणि फोटोखालचं 'मार्च' परत वाचलं, ह्या वेळी हळू.

"घरी बोलू आपण," थोरले म्हणाले.

"घरी बोललो आपण. तुम्ही म्हणालात, एक वर्ष थांबू दे." धाकटीचा आवाज आता कापत नव्हता. "भाऊजी, पत्रकात मार्च आहे आणि कचेरीत ऑक्टोबर. कुठलंही एक खरं असेल. मला दोन्ही चालतील. मार्च खरं असेल तर ह्या अर्जावर इथेच लिहून द्या. आणि ऑक्टोबर खरं असेल तर पत्रकातलं सगळं खोटं आहे, मग ह्या सगळ्यांचे पैसे परत करा."

सभागृहात एक मूल खोकलं. थोरल्यांनी भावाला शोधलं. भाऊ आलाच नव्हता, त्याला आज जादा पाळी होती आणि ती धाकटीनेच त्याला घ्यायला लावली होती. मग त्यांनी लोकांकडे बघितलं, आणि ज्या लोकांकडे ते तासभर वरून बघत होते ते आता त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी अर्ज हातात घेतला. व्याख्यानाच्या मेजावर वाकून नाव, पत्ता, तारीख लिहिली. पेन एकदा अडकलं, पुढच्या रांगेतून कोणीतरी दुसरं दिलं. सही केली. दोन रेघा मारल्या नाहीत.

धाकटीने अर्ज घेतला आणि डोळ्यांत तेल घालून वाचला. तेवढ्यासाठी तिने अर्जातले घरमालकाचे रकाने आधीच पाठ केले होते.

"विलंबाचं कारण," ती म्हणाली. "तुम्ही 'गैरसमज' लिहिलंय. आत्ताच म्हणालात ना, गुळमुळीत लिहिलं की परत येतो?"

"काय लिहू मग?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं.

"जुळ्यांना सांभाळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मुलीला शाळेपासून लांब ठेवलं. असं लिहा."

त्यांनी लिहिलं. बसचालकाची बायको खांद्यावरून वाकून बघत होती, त्यामुळे बदलायला जागा नव्हती. धाकटी उभ्या उभ्या त्या झुकलेल्या डोक्याकडे बघत होती. डोक्यावर मधोमध टक्कल पडत चाललं होतं आणि मानेवर घाम आला होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

ती बाहेर पडली तेव्हा आत पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. तिने त्यांच्यासाठी दार उघडंच ठेवलं.

नवरा पाळीवरून आला तोवर भावाचा फोन येऊन गेला होता. त्याने बूट काढले, खुर्चीवर बसला आणि बराच वेळ मोजे हातात धरून राहिला.

"भर सभेत," तो म्हणाला. "दादाचा पाणउतारा. मला सांगितलं असतंस तर मी बोललो असतो त्याच्याशी."

"त्या रविवारी तुम्ही बोलत होतात ते मी ऐकलं," धाकटी म्हणाली. "गालिच्याशी बोलत होतात."

त्याने मोजे बुटांत खुपसले. मग त्याने विचारलं, "सही केली का पण त्याने?" तिने अर्ज दाखवला. त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला, मग उठून बेसिनपाशी गेला आणि खूप वेळ तोंड धूत राहिला.

सोमवारी सकाळी नोंदणी कचेरी उघडायच्या आधीच धाकटी आणि लेक दारात होत्या. लेकीला आदल्या दिवशीचं सगळं कळलं होतं, शहरभर झालं होतं ते. पण ती शाबास म्हणाली नव्हती आणि का केलंस असंही म्हणाली नव्हती. धाकटीला ते जरा खुपलं होतं. एवढा डाव मांडला, जिंकला, तो कोणासाठी?

दाढीवाल्या कारकुनाने अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यापाशी तो थांबला आणि त्याने लेकीकडे बघितलं. मग शिक्का मारला. असं स्वच्छ लिहिलेलं कधी बघायला मिळत नाही, असं तो म्हणाला. धाकटीची छाती दोन इंच फुगली. मग त्याने अर्ज उलटा केला.

"मागची बाजू पालकांची आहे म्हणे," लेक म्हणाली. "घरमालकाने नोंद केली नाही हे एक, पण मूल आईवडिलांचं असतं. त्यांनीही लिहायचं, का राहिलं ते. थोडा दंड त्यांनाही होतो. कुठल्याही भाषेत लिहिलं तरी चालेल, खाली भाषांतर हवं."

"दंड भरू. काय मोठंसं." धाकटीने काचेवर कोपर टेकवलं. "लिही. आम्हाला काही माहीत नव्हतं. दिरांनी फसवलं."

लेकीने पेन उचललं नाही.

"आई, मी तुला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"एप्रिलमध्ये. बागेत कुत्रा फिरवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, इथे शाळेला यादीबिदी नसते. मी त्याच संध्याकाळी तुला सांगितलं. तू गरम पाण्यात पाय सोडून बसली होतीस. म्हणालीस, लोकांच्या घरात राहतो आपण, काकांना उलट विचारायचं नाही. मे महिन्यात मी परत सांगितलं. तेव्हा म्हणालीस, हा विषय पुन्हा काढायचा नाही."

असलं काही आठवत नाही, असं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं, आणि तिला आठवलं. पाण्याचं घमेलं आठवलं, पोरीच्या फ्रॉकवर पुसलेला जुळ्यांचा भात आठवला. थोरल्यांच्या घरातल्या त्या खोलीला भाडं नव्हतं. सात महिने तिने आणि नवऱ्याने भाडं दिलं नव्हतं, फीसाठी बाजूला टाकलेले पहिले पैसे तेच होते. भाडं कोण देत होतं हे तिला तेव्हाही कळत होतं.

मागे रांगेत कोणीतरी पाय बदलले. कारकून खिडकीत वाट बघत होता.

"तू लिही," लेकीने पेन तिच्यापुढे ठेवलं. "तुझ्या हाताने लिही. भाषांतर मी करते."

धाकटीने पेन घेतलं. रकाना छोटासाच होता. तिने लिहिलं, 'माहिती नव्हती.' लेकीने वाचलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला.

"हे नाही," ती म्हणाली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती नुसती थांबून होती, आणि खूप दिवसांपासून थांबून होती हे धाकटीला आत्ता दिसलं.

धाकटीने लिहिलेलं खोडलं आणि खाली, रकान्याबाहेर जाईल इतकं, लिहिलं: 'मुलीने मला दोनदा सांगितलं होतं. आम्हाला फुकट राहायला मिळत होतं, म्हणून मी तिला गप्प बसवलं.' खाली सही केली. बोटं शिवणाची, पण अक्षर वेडंवाकडं आलं.

लेकीने ते शेवटपर्यंत वाचलं. मग शेजारच्या मेजावर बसून तिने त्याखाली इकडच्या भाषेत भाषांतर लिहिलं, एकही शब्द मऊ न करता, आणि कागद स्वतः नेऊन खिडकीतून आत दिला.